अकराची मुकी घंटा

१

अकराची घंटा वाजली नाही. त्या एका न वाजलेल्या घंटेने जेवढा गोंधळ माजवला, तेवढा उरलेल्या अकरा घंटांनी मिळून कधी माजवला नव्हता.

वर्षअखेरच्या सुट्टीतला बॅलेचा पहिला प्रयोग दुपारी चार वाजता होता आणि रंगीत तालीम सकाळी अकराच्या सुमारास संपत आली होती. या मंडळींचा सुट्टीतला प्रयोग दरवर्षी एकच असतो: एका घड्याळजीच्या दुकानातले मोठे घड्याळ बंद पडते आणि बारा मुले ते पुन्हा चालू करतात. ही मुले म्हणजे बारा तास. त्यांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारीत नाही. उंचीप्रमाणे ओळीत उभे करून सर्वांत बुटक्या मुलाला एक आणि सर्वांत उंच मुलाला बारा म्हणतात. रंगमंचावर घड्याळाच्या तबकडीसारखे बारा खांब गोलाकार उभे असतात आणि प्रत्येक खांबाला अगदी सारखी, एकाच साच्यातली पितळी घंटा असते. बाराचा खांब सर्वांत मागे, मागच्या पडद्याजवळ. सहाचा सर्वांत पुढे, वादकांच्या डोक्यावर. प्रेक्षागृहात बसून पाहणाऱ्याला ते हुबेहूब घड्याळ दिसते.

दोनपासून बारापर्यंत मुले ओळीने घंटा वाजवतात. मग सगळा वाद्यवृंद थांबतो. त्या शांततेनंतर एक, म्हणजे सर्वांत लहान मूल, आपला टोला एकट्याने देते आणि घड्याळ चालू होते. लोक मुलाबाळांना घेऊन येतात ते त्या एका टोल्यासाठी, असे म्हटले तर नर्तकांना राग येईल. पण ते खरे आहे.

त्या सकाळी दोन ते दहा या नऊ मुलांनी आपापले टोले चोख दिले. मग अकरा हा काटकुळा, उंच मुलगा पुढे झाला, त्याने दोरी ओढली, आणि घंटेतून उशीवर बुक्की मारावी तसा आवाज आला. मुले फिदीफिदी हसली. वाद्यवृंदाच्या संचालकांनी हातातली छडी खाली ठेवली, "पुरे," एवढेच म्हणाले आणि तालीम तिथेच सोडून निघून गेले.

मिस्त्रींनी, म्हणजे नेपथ्य सांभाळणाऱ्या सुतारांनी, शिडी लावून पाहिले. घंटेच्या लोलकाला राखाडी लोकरी कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून वर दोऱ्याने बांधलेली होती. ती आपोआप बांधली जाणे शक्य नव्हते.

आणि कोणी काही विचारण्यापूर्वीच अकराने बोट दाखवले ते एककडे.

२

एक ही सात वर्षांची, दोन वेण्यांची, कमी बोलणारी मुलगी. तिच्याविरुद्धचा पुरावा मोठा वाटावा असाच होता. गेला आठवडाभर ती आपला टोला वेळेआधी देत होती. परवा संचालकांनी सर्वांदेखत बजावले होते की रंगीत तालमीत घाई झाली, तर तिच्या जागी राखीव मुलगी उभी राहील. तेव्हापासून अकरा तिला 'घाईबाई' म्हणून चिडवीत होता, आणि काल तिने त्याला सुनावले होते, "थांब, तुझी घंटाच बंद करते." हे बाकी सगळ्या मुलांनी ऐकले होते. शिवाय आज सकाळी, तालमीच्या तासभर आधी, नृत्य शिकवणाऱ्या बाईंनी तिला रिकाम्या रंगमंचावर एकटी उभी असलेली पाहिले होते.

बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना फक्त बारा मुले चार वाजता रंगमंचावर उभी करायची होती. त्यांनी निकाल दिला: दुसऱ्याची घंटा बिघडवणारे मूल त्याच मुलांच्या गोलात उभे राहणार नाही. तीन वाजता मुलांना कपडे घालायला सुरुवात होते. तोवर खरे काय ते कळले तर ठीक. नाहीतर राखीव मुलगी एक होईल.

मंडळींत कोणाचे काही हरवले की ज्यांच्याकडे जायचे असे एक गृहस्थ होते. ते वाद्यवृंदात ट्रँगल, म्हणजे टिंग वाजणारा पोलादी त्रिकोण, वाजवीत. मुले त्यांना त्रिकोणमामा म्हणत आणि मोठी माणसे नुसते मामा. ट्रँगलवाल्याचे काम पुष्कळांना चेष्टेचे वाटते. पण दीडशे आवर्तने गप्प बसून दीडशे-एकाव्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर बरोबर एक 'टिंग' करायची, तर माणसाला दीडशे आवर्तने न चुकता मोजावी लागतात. मामांना मोजण्याची इतकी सवय होती की जिना चढताना पायऱ्या आणि बायकोचे बोलणे ऐकताना वाक्ये ते नकळत मोजीत. पैकी दुसरी गोष्ट त्यांनी घरी सांगितलेली नव्हती.

एक त्यांना जिन्याखाली रिकाम्या खोक्यावर बसलेली सापडली. ती रडत नव्हती. तिने डबा उघडला होता आणि खाल्ले काहीच नव्हते.

मामांनी शेजारचे खोके ओढले आणि तिच्या डब्यातला एक घास न विचारता उचलला, त्यामुळे तिने दुसरा उचलला. मग त्यांनी सकाळचे विचारले. ती आली होती, एकटी उभी होती, हे तिने लगेच कबूल केले. घंटेला मात्र हात लावला नव्हता. शिडीशिवाय तिचा हात लोलकापर्यंत पोचत नाही, हेही तिने सांगितले. शिडी मात्र तिथेच विंगेत असते, असेही प्रामाणिकपणे जोडले. मामांना मनातून हसू आले. स्वतःच्या बचावातले भोक स्वतःच दाखवणारा आरोपी त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

"मग तिथे करत काय होतीस?"

"मोजत होते. सोळापर्यंत. मी रोज बरोबर मोजते मामा, तरी घाईच होते."

मामांनी मान हलवली आणि ते उठले. हे वाक्य त्यांनी त्या वेळी नीट ऐकले नाही, याची रुखरुख त्यांना पुढे लागायची होती.

३

कापड कोणाचे, या प्रश्नावर सगळे तुटून पडले होते. मामांच्या मते तो प्रश्नच निरुपयोगी होता. शिवणकामाच्या मावशींची चिंध्यांची टोपली मधल्या बोळात उघडी असते आणि नाक पुसण्यापासून चाक पुसण्यापर्यंत सगळे तिच्यात हात घालतात. कापड कोणी नेले हे मावशींनाही सांगता येणार नव्हते. म्हणून मामांनी दुसरा प्रश्न धरला: कापड बांधून कोणाचा काय फायदा होणार होता?

आणि इथे आरोपाचा पहिलाच खांब हलला. अकराची घंटा मुकी करून कोणाचाच काही फायदा नव्हता. अकरा चिडका होता, पण त्याच्या जागेवर डोळा असलेला एकही मुलगा नव्हता; बारा सोडला तर त्याच्याएवढे उंच दुसरे कोणी नव्हतेच. वैर होते ते एकट्या एकचे. पण ज्या मुलीची आज परीक्षा होती, ती स्वतःची घंटा सोडून दुसऱ्याच्या घंटेपायी शिडी चढेल, हे मामांना पटेना.

ते मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री बाराच्या खांबाशी, मागच्या पडद्याला पाठ करून चहा पीत उभे होते. खांब त्यांच्या ताब्यात असल्यामुळे दोन माणसांनी त्यांच्याकडेही वाकड्या नजरेने पाहिले होते आणि ते त्याच घुश्श्यात होते. मला घंटा बंद करायची असती तर मी खिळा काढला असता, चिंध्या बांधत बसलो नसतो, असे ते म्हणाले. शिवाय ती गाठ पाहा, अशी गाठ मारणाऱ्याला मी स्टूलसुद्धा उचलू देणार नाही.

मामांनी सहज विचारले, एक कुठे उभी राहते?

मिस्त्रींनी विचार न करता डावा हात पसरला. मग म्हणाले, "आम्ही मागूनच बघतो ना. समोरून कसं दिसतं ते बायकोला विचारा, ती तिकीट काढून येते."

मामा दोन पावले टाकून थबकले. ते वळले, बाराच्या खांबामागे मिस्त्रींच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले. डाव्या हाताला एकचा खांब. उजव्या हाताला अकराचा.

मग ते खाली उतरले आणि प्रेक्षागृहात मधोमध जाऊन बसले. तिथून बाराच्या उजव्या बाजूला एक होता. डाव्या बाजूला अकरा.

४

राखीव मुलीची आई तिसऱ्या रांगेत विणकाम करीत बसली होती. तिच्यावर संशय घेणे सोपे होते आणि बऱ्याच जणांनी ते सोपे काम उरकून टाकले होते: एक बाद झाली तर हिची मुलगी पुढे येणार. ती रोज इथेच बसून तालीम पाही. मामांनी तोच प्रश्न केला. तिने सुई उजवीकडे रोखली आणि म्हणाली, बाराच्या उजव्या हाताला. मग सुई तशीच रोखून तिने मामांना ऐकवले की घंटा बिघडवायची बुद्धी आपल्याला झाली नाही आणि व्हायची गरजही नव्हती. एक दररोज आपण होऊन चुकत होती. घंटा जितकी खणखणीत वाजेल तितकी तिची चूक जगाला ऐकू जाईल. "माझ्या लेकीला जागा हवी असती तर मी ती घंटा चिंचेनं घासून लखलखीत केली असती, मामा. मुकी कशाला करू?"

मामांनी तिचे आभार मानले ते अगदी मनापासून. अर्धे कोडे तिने सोडवून दिले होते.

ते वाद्यांच्या खड्ड्यात जाऊन आपल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळे एकापाठोपाठ एक मांडले. कापड बांधणाऱ्याला अकराची घंटा नकोच होती. त्याला एकची घंटा हवी होती. एक 'बाराच्या उजवीकडे' असते हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणजे तो घड्याळ नेहमी समोरून पाहणारा. पण आज सकाळी, दर्शनी पडदा पाडलेला असताना, तो मागच्या दाराने रंगमंचावर आला, बाराच्या खांबामागे उभा राहिला, आणि घाईघाईत स्वतःच्या उजव्या हाताचा खांब त्याने गाठला. मिस्त्री मागून पाहतात. त्यांची अशी चूक होणार नाही. मुलांना आपला खांब पायांनी माहीत असतो. बाई जन्मभर आरशासमोर उलट्या बाजूने शिकवीत आल्या आहेत. त्यांना डावे-उजवे झोपेतही चुकत नाही.

दुसरे: एकची घंटा मुकी करणारा हा तिचा वैरी नव्हता. मुक्या घंटेवर वेळेआधी टोला पडला तरी तो कोणाला ऐकू जाणार नाही. कोणीतरी त्या मुलीची चूक लपवायला निघाला होता.

पण मग टोलाच ऐकू आला नसता, आणि घड्याळ चालू कसे झाले असते? मामांनी आपल्यासमोरचा स्वरलेखनाचा कागद पाहिला. एकच्या टोल्याच्या जागी, छापील ओळीत काही नसताना, पेन्सिलीने एक लहानशी खूण केलेली होती. मागच्याच आठवड्यात संचालकांनी ती स्वतः करून दिली होती: मुलीचा हात लहान आहे, टोला नाजूक पडतो, माझा हात खाली येताच तुम्हीही हलकेच वाजवा, कोणाला सांगू नका. म्हणजे घंटा मुकी असती तरी टोला ऐकू आला असता, आणि तोही बरोबर वेळेवर, कारण तो मामा देणार होते.

हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते. त्यांतले एक मामा होते, आणि आपण कापड बांधलेले नाही याची त्यांना बऱ्यापैकी खात्री होती.

घड्याळात अडीच वाजत आले होते.

५

संचालकांना मुले छडीबाबा म्हणत आणि तेही त्यांच्या पाठीमागेच. पंधरा वर्षांत त्यांनी एकही तालीम अर्धवट सोडली नव्हती. आजची सोडली, तीही एकचा टोला येण्याच्या अगदी आधी. ते नुकतेच घरून परतले होते आणि खोलीत कोट झटकत होते. मामांनी दार लावून घेतले आणि बसायला सांगण्याची वाट न पाहता सगळी मांडणी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.

संचालकांनी मधे एकदाच तोंड उघडले. अकराची घंटा दबली तेव्हाच आपण खांब चुकलो हे त्यांना कळले होते. एकपर्यंत तालीम गेली असती तर घंटा खणखणीत वाजली असती आणि दिलेला शब्द पाळावा लागला असता, म्हणून ते उठून गेले. "पन्नास माणसांदेखत बोलून बसलो होतो. शब्द मागे घेता येईना, आणि एवढ्याशा पोरीला काढवेना. मग काय करणार?"

"तिला काढलंय. तुमच्या त्या कापडापायी," मामा म्हणाले. "तिनंच बांधलं असं ठरलंय."

हे संचालकांना कोणी कळवले नव्हते. त्यांना काही कळवायला कोणी सहसा धजत नसे. ते तडक दाराकडे निघाले, पण मामांनी त्यांना थांबवले. सर्व उलगडले होते आणि तरी काहीतरी हिशेबात बसत नव्हते. जिन्याखाली ऐकलेले वाक्य त्यांना आता कुठे ऐकू आले.

त्यांनी विचारले, एकच्या आधीची शांतता किती मात्रांची लिहिलेली आहे?

सोळा, संचालक म्हणाले.

"हात उचलून धरा बरं. आज चार वाजता धराल तसाच."

संचालकांना हे पोरकट वाटले, पण आज नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार उरला नव्हता. त्यांनी हात उचलला. खोलीत शांतता झाली. त्या भरलेल्या, सुंदर शांततेत ते डोळे अर्धे मिटून उभे राहिले, आणि मग हात खाली आला.

"एकोणीस," मामा म्हणाले.

वाद्यवृंदात संचालकाचा हात खरा असतो. हाताच्या आधी जो वाजवतो तो चुकतो आणि हातानंतर वाजवतो तोही चुकतो. पहिल्या दिवसापासून हेच शिकवलेले असते, आणि म्हणून हातच उशिरा आला असेल, ही शंका वादकाच्या मनाला शिवतसुद्धा नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजणाऱ्या मामांनी आठवडाभर ही एकच गोष्ट मोजली नव्हती, कारण त्या वेळी ते हाताकडे पाहत होते. बाकीच्या अकरा मुलांना मोजण्याची गरजच नव्हती. शेजाऱ्याची घंटा वाजली की आपली वाजवायची. शांततेत मोजायचे ते फक्त एकला. तालमीच्या खोलीत पियानोवर ती सोळा मोजायला शिकली आणि रंगमंचावरही सोळाच मोजत राहिली. पन्नास मोठ्या माणसांत लिहिल्याप्रमाणे चालणारी ती एकटी होती.

संचालक बराच वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "सगळ्यांसमोर सांगावं लागेल, नाही?"

"हो," मामा म्हणाले. "शिक्षा सगळ्यांसमोर सुनावली होती तुम्ही."

६

तीन वाजता कपड्यांच्या खोलीत बारा नव्हे तर तेरा मुले होती, कारण राखीव मुलीला एकचा झगा चढवणे चालू होते आणि एक भिंतीला टेकून ते पाहत होती. संचालक आत आले तेव्हा मावशींच्या तोंडातल्या टाचण्या तशाच राहिल्या. ते या खोलीत यापूर्वी कधीच आले नव्हते. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले की कापड मी बांधले, चुकीच्या घंटेला बांधले, आणि मुळात बांधायची गरज नव्हती, कारण आठवडाभर चूक माझी होती. मग ते एकसमोर वाकले आणि तिची माफी मागितली, आवाज न चढवता, मोठ्या माणसाची मागावी तशी.

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या एवढेच म्हणाल्या की पंधरा वर्षे रंगमंचाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याची उजवी बाजू कळू नये, हे नवल आहे. आणि त्या झग्याच्या गुंड्या स्वतः सोडू लागल्या. राखीव मुलीला झगा टोचतच होता, ती त्यातून आनंदाने बाहेर पडली. अकराने बराच वेळ बुटाच्या नाडीशी चाळा केला आणि मग एकला तुझी वेणी सुटली आहे असे सांगितले, जे खरे नव्हते. पण बोलायला सुरुवात कुठून तरी करावी लागते.

निघताना संचालकांनी मामांच्या कागदावरची पेन्सिलीची खूण स्वतः खोडली.

चार वाजता पडदा वर गेला. घड्याळजी झोपी गेला, घड्याळ बंद पडले, मुले धावत आली. दोन, तीन, चार. अकराची घंटा इतकी खणखणीत वाजली की पुढच्या रांगेतल्या एका बाळाने दचकून आईला मिठी मारली. बाराचा टोला विरला आणि वाद्यवृंद थांबला.

मामांना त्या जागी आता काहीच वाजवायचे नव्हते. त्यांनी हाताकडे पाहिले नाही, त्यांनी मोजले. खड्ड्यातून त्यांना एक दिसत नव्हती, फक्त तिच्या खांबाचे टोक आणि हलकीशी ताणलेली दोरी दिसत होती. बारा. तेरा. संचालकांनी हात उचललेला होता. पंधरा.

सोळा संपताक्षणी टोला पडला. लहान होता, नाजूक होता, आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेला. वादकांनी सूर धरला तो त्या घंटेवर. हात तिच्याबरोबरच खाली आला.

प्रयोगानंतर मुले खड्ड्याच्या कठड्याशी गोळा झाली होती. त्यांतून दोन वेण्या पुढे आल्या, कठड्यावरून खाली वाकल्या आणि खाजगी बातमी द्यावी तशा स्वरात म्हणाल्या,

"मामा, आज छडीबाबा वेळेवर आले."